पप्पा म्हणतात, ‘नंबर तेवढा दे’

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी सोलापूरची, वय २५. सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं कायमचं रजिस्ट्रेशन दोन महिन्यांपूर्वी मिळालं. आता बंधपत्राचं, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल द्यावं लागणारं सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष ती जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करतीये. वडील पूर्वी एका डॉक्टरांकडे कंपौंडर होते. ते डॉक्टर वारले आणि तेव्हापासून, म्हणजे २२ वर्षं, वडील विडी कामगारांच्या वस्तीत स्वतःच दवाखाना चालवतात. डिग्री नाही. भिंतीवर अल्टरनेटिव्ह मेडिसिनच्या कुठल्याशा संस्थेचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो. जवळच्या वस्तीत बोगस डॉक्टरांची तपासणी झाल्यापासून ते घाबरलेत. त्यांचं म्हणणं, बोर्डावर मुलीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लावायचा, बसायचं मात्र त्यांनीच. शिक्कासुद्धा बनवून आणलाय. मुलगी लिहिते, “याच दवाखान्याच्या पैशावर मी शिकले. नाही म्हटलं तर कृतघ्न, हो म्हटलं तर गुन्हेगार. पप्पांनी आजपर्यंत कुणाचं वाईट केलेलं नाही. आणि ते बंद झाले तर या बायकांनी जायचं कुठं?”

तुला अगंतुगं करते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. नंबर द्यायचा नाही. आणि तो शिक्का आज रात्रीच ड्रॉवरमधनं काढून स्वतःजवळ ठेव, भांडायचं नाही, सांगून घ्यायचा, “पप्पा, यावर माझं नाव आहे, हा माझ्याकडेच राहणार.” बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल पण शिक्का एक दिवससुद्धा तिथं नको, कारण बोर्ड लावला तर काढता येतो, शिक्का मारलेला कागद मात्र एकदा बाहेर गेला की परत येत नाही. आजारपणाचं सर्टिफिकेट, फिटनेस, मेडिकलवाल्याकडची चिठ्ठी, उद्या कुणाचं कोर्टात भांडण लागलं तर तोच कागद पुढं येतो आणि त्यावर सही कुणाची का असेना, नंबर तुझा.

तुझ्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, ती तू पत्रात सहज लिहून पुढं गेलीस पण मला तिथंच धस्स झालं. तू बंधपत्रावर आहेस. म्हणजे समज मंगळवारी सकाळी अकराला तुझी हजेरी आरोग्य केंद्रात लागलीये, ओपीडीच्या रजिस्टरमध्ये तुझं अक्षर आहे, आणि त्याच मंगळवारी सकाळी अकराला तीस किलोमीटरवर सोलापुरात तुझ्या नावाच्या कागदावर कुणालातरी इंजेक्शन दिलं गेलं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला कुणा मोठ्या ऑफिसरची गरज नाही, एक चिडलेला नातेवाईक पुरतो.

आता ‘नंबर तेवढा दे’ या वाक्याकडे बघू, कारण माझ्या मते सगळा घोळ या ‘तेवढा’मध्ये आहे. पप्पांना वाटतं नंबर म्हणजे परवानगीचा कागद, रिक्षाच्या परमिटसारखा, एकाच्या नावावर काढायचा आणि दुसऱ्यानं चालवायची. तसं नाहीये ते. कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तुझं नाव असतं याचा अर्थ या माणसाचं शिक्षण सरकारनं तपासलंय आणि याच्या हातून चूक झाली तर विचारायला एक पत्ता आहे. पेशंट कौन्सिलकडे तक्रार करू शकतो, कौन्सिल बोलावून घेते, ताकीद देते, काही काळ नाव काढते, कायमचं पण काढू शकते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी शिकत राहिल्याचे क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. हे सगळं तुझ्या डोक्याला बांधलेलं आहे, हाताला नाही की हात दुसऱ्याचा चालेल. तुझ्या नंबराखाली पप्पा बसले की पेशंटला वाटतं आपल्याला विचारायला पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर तर तू नाहीचेस.

कायद्याचं थोडक्यात सांगते, तू शिकलेली आहेस पण घरात बोलताना उपयोगी पडेल. आपल्या राज्यात १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे, त्याच्या कलम ३३ नं रजिस्टरमध्ये नाव नसलेल्या माणसाला वैद्यकीय व्यवसाय करायला बंदी आहे, बोगस डॉक्टरांवर गुन्हे बहुतेक याच कलमाखाली दाखल होतात. वरनं २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा, त्यात कलम ३४ ला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. पेशंटला बरं वाटलं का, पैसे किती घेतले, रात्री उठून गेला का, यातलं काहीही विचारत नाही. आणि जो रजिस्टर्ड डॉक्टर स्वतःच्या नावाआड असं चालू देतो त्याला कौन्सिलपुढं गैरवर्तनाचं उत्तर द्यावं लागतं, म्हणजे पप्पांना वाचवायला जाशील आणि ते वाचणार नाहीतच, तू पण बुडशील.

तू म्हणतेस पप्पांनी कुणाचं वाईट केलेलं नाही. इथं मला जरा थांबू दे, कारण हे वाक्य मी आमच्या घरात लई वर्षं ऐकलंय.

माझी आत्या साखर पेठेत राहायची. आयुष्यभर विड्या वळल्या, मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, दोरा, सकाळपासनं दिवे लागेपर्यंत तशीच बसून. पन्नाशीत गुडघे गेले. गल्लीत एक डॉक्टर होते, म्हणजे सगळे डॉक्टरच म्हणायचे, आठवड्याला एक सुई आणि कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या, रोज सकाळी एक. काय फरक पडला म्हणून सांगू, तिसऱ्या दिवशी आत्या जिना चढून गच्चीवर पापड घालायला गेली. दीड दोन वर्षं असं चाललं. तोंड भरलं, गाल वर आले, अख्खी गल्ली म्हणायची आत्या तब्येत सुधारली की गं तुझी. हातावरची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, बांगडी घासली तरी निळा डाग. मग शुगर निघाली. मग एकदा न्हाणीघरात नुसती बसता बसता पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सिव्हिलला नेली, तिथल्या डॉक्टरनं तोंडाकडे बघूनच विचारलं, स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेताय? आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. पुडीवर नाव नव्हतं, कुठं कागद नव्हता.

आणि ते गल्लीतले डॉक्टर वाईट नव्हते गं. आत्याच्या तेराव्याला आले होते, कोपऱ्यात बसून रडले, खरंच रडले. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की मी तिला दोन वर्षं चालती ठेवली. आपण काय केलं हे त्यांना कधी कळलंच नाही कारण कळायला रस्ताच नव्हता, शुगर निघाली ती दुसरीकडे, हाड मोडलं ते दुसरीकडे, हिशोब मांडला तो सिव्हिलच्या केसपेपरवर. तुझ्या पप्पांच्या २२ वर्षांतसुद्धा ज्यांचं बिघडलं ते पुन्हा त्यांच्याकडे आलेच नसतील, ते दुसऱ्या दारात गेले. म्हणून त्यांना जेवढे बरे झालेले दिसतात तेवढेच दिसतात. तू तर मेडिसिनच्या वॉर्डात ड्युट्या केल्यास, असे स्टेरॉइडनं गोल झालेले चेहरे तू पाहिले असशील. ते कुठल्या कुठल्या गल्लीतनं आले होते ते आठव.

हेच मी डिग्रीवाल्यांबद्दलसुद्धा म्हणेन, म्हणजे कुणी असं समजू नये की नंबर असला की माणूस देव. रजिस्टर्ड डॉक्टर पण उगाच सलाईन लावतात, नको तिथं स्टेरॉइड देतात, आणि कौन्सिलकडच्या तक्रारीला वेळ लागतो हेही खरं, नियमात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी. पण तिथं निदान दार तरी आहे ठोठवायला. आणि डिग्री असली तरी ती कशाची हेही बघितलं जातं. मुंबईच्या पूनम वर्मा यांची केस आहे, त्यांचा नवरा पेशंट होता, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ चा. डॉक्टर होमिओपॅथीचे रीतसर रजिस्टर्ड होते, त्यांनी तापाच्या त्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला. कोर्टानं सांगितलं की ज्या शाखेचं शिक्षण नाही त्या शाखेची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही. रीतसर शिकलेल्या माणसाची ही गत, मग पप्पांच्या फ्रेमचं काय.

कोटणीसांच्या फोटोबद्दल पण बोल पप्पांशी, प्रेमानं बोल. आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच बत्तिसाव्या वर्षी गेला, शाळेत असल्यापासून आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण जायच्या आधी ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातनं शिकून डॉक्टर झाले होते. तिथल्या जखमी सैनिकांना त्यांच्या चांगुलपणाचा उपयोग झाला तो हातात ऑपरेशन होतं म्हणून.

आता बायकांनी जायचं कुठं. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी उडवून लावणार नाही. हजार विड्या वळल्या तर घर भागतं, सरकारी दवाखान्यात नंबर लावायला अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला तर सकाळी डोळेच उघडत नाहीत. पप्पा रात्री दहाला उघडे असतात, तेलुगू, कन्नड, मराठी तिन्हीत बोलतात, उधारी ठेवतात. लोक त्यांच्याकडे अडाणीपणानं जात नाहीत, हिशोब करून जातात. पण यातनं एवढंच निघतं की या वस्तीला रात्री उघडा असलेला आणि आपल्या भाषेत बोलणारा दवाखाना पाहिजे. त्यात पप्पांनीच सुई मारली पाहिजे हे कुठनं आलं? महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, आपला दवाखाना योजनेतले दवाखाने आहेत, विडी कामगारांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण खात्याचा दवाखाना आहे, ज्यांचा विमा कापला जातो त्यांना कामगार विमा रुग्णालय आहे, मोठ्या आजाराला सिव्हिल आणि महात्मा फुले योजना. हे सगळं कागदावर आहे आणि बाईला कागदापर्यंत पोचवणारं कुणी नाही, कुठलं कार्ड लागतं, कितीला जायचं, आत कुणाला भेटायचं. हे काम तुझे पप्पा शहरातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं करतील. त्याला लायसन्स लागत नाही.

आणि तुझं बंधपत्र संपल्यावर, तुला खरंच तिथं बसायचं असेल तर (पप्पांसाठी नाही, तुला पीजी करायचंय तर पीजीच कर) त्याच जागेत तुझा दवाखाना काढ. पण मग तुझाच. तू आत असशील तेवढा वेळ शटर वर, तू गेलीस की खाली. तपासायचं तू, लिहायचं तू, सुई तू नाहीतर रजिस्टर्ड नर्स. जैविक कचऱ्याची परवानगी काढायची. दोन खाटा टाकून पेशंट ठेवायला लागलीस तर नर्सिंग होमच्या कायद्याखाली महापालिकेकडे वेगळी नोंदणी, त्यापेक्षा खाटा नकोतच. पप्पा बाहेरच्या टेबलाशी, नाव लिहून घेणं, जुने कागद लावून ठेवणं, कुणाला आधी आत पाठवायचं ते बघणं. त्यांना हे जड जाईल. २२ वर्षं ‘डॉक्टर’ म्हणून हाक ऐकलेल्या माणसाला परत कंपौंडरच्या खुर्चीत बसायला सांगतीयेस तू, हे लक्षात ठेवून बोल. नाही बसायचं म्हणाले तर तेही बरोबर आहे, एकसष्टी आली त्यांची, घरी बसू दे. मधल्या काळासाठी संध्याकाळी दोन तास एखादे निवृत्त डॉक्टर येऊन बसतील का हे विचारून बघ, पण खरंच येऊन बसणारे. भाड्यानं नाव देणारे नकोत, नाहीतर तुझ्या नंबरच्या जागी दुसऱ्याचा नंबर, एवढाच फरक.

एक सावध करते. अशा वेळी कुणीतरी एजंट घरी येतो आणि सांगतो की सरकार अनुभवी लोकांना लायसन्स देणार आहे, एवढे भरा, काम करून देतो. २०१९ च्या कायद्यात कलम ३२ आहे, त्यात सामुदायिक आरोग्य पुरवठादारांना मर्यादित परवाना द्यायची तरतूद लिहिलेली आहे, ती वाचून अशा गोष्टी पसरतात. पण कंपौंडरकीच्या अनुभवावर घरबसल्या डॉक्टर करणारा कुठलाही परवाना नाही. पप्पांनी एक फ्रेम विकत घेतलीये, दुसरी घ्यायला देऊ नकोस.

बोलशील तेव्हा ‘बोगस’ हा शब्द तोंडातनं काढू नकोस. आई आणि काका समोर नकोत. दवाखाना बंद झाल्यावर, शटर अर्धं खाली ओढून, त्या बाकावर बस जिथं लहानपणी अभ्यास करायचीस असं तू लिहिलंयस. त्यांच्या भीतीपासून सुरू कर, कारण ते खरंच घाबरलेत आणि घाबरलेल्या माणसानं मुलीकडे आडोसा मागितलाय, त्यात लोभ मला दिसत नाही. म्हण, पप्पा, आडोसा मी देते पण या पद्धतीनं नाही होणार. तारीख ठरव. पंधरा दिवस, महिना, त्यापेक्षा जास्त नको. आधीचं जे झालंय त्याबद्दल वकिलाला भेटा, दोघं मिळून भेटा, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. आणि कुणी अधिकारी चौकशीला आला तर खोटं बोलायचं नाही, तू पण नाही आणि त्यांना पण बोलायला लावायचं नाही.

ऐकलंच नाही तर? तर बोर्डावर तुझं नाव लागू देऊ नकोस, आणि लागलंच तर त्याच दिवशी कौन्सिलला लेखी कळव की माझा नंबर माझ्या संमतीशिवाय वापरला जातोय. वडिलांविरुद्ध तक्रार कर असं मी तुला आज सांगणार नाही, मला ते सांगवत नाही. पण सहा महिन्यांनी तू परत लिहिलंस की ते अजून पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या बांधतायत, तर गप्प बस असंही मी सांगणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी, कारण अशा पत्रांमागोमाग ‘आमचे डॉक्टर खरे का’ अशी दहा पत्रं येतात. सरळ विचारा, लाजू नका. नियमानं डॉक्टरनं आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर, पावतीवर छापायचा असतो. एमबीबीएस आणि त्यापुढचे असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव सापडतं, आयुर्वेद आणि युनानीवाल्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीची वेगळी परिषद, दातांची वेगळी, नर्सची वेगळी, फार्मसिस्टची वेगळी. नावच सापडत नसेल तर शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, खेड्यात तालुका आरोग्य अधिकारी, बोगस डॉक्टर शोधायला जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. नाव सापडतंय पण वागणं चुकीचं वाटतंय तर कौन्सिलकडे लेखी. आणि औषध पुडीत घेऊ नका, स्ट्रिप मागा, नाव लिहून मागा.

आता परत तुझ्याकडे. शटर खाली ओढायच्या आधी एक काम राहतं आणि ते फक्त पप्पाच करू शकतात. त्यांना आठवतंय तोपर्यंत एक शंभर पानी वही आण आणि दोघं मिळून बसा. कोण रोज कुठली गोळी खातंय ते लिहून काढा, नाव, घर कुठलं, गोळीचं खरं नाव, किती दिवसांपासून. बीपीवाले, शुगरवाले, फिटवाले, आणि सगळ्यात आधी गुडघ्यांच्या गोळ्यावाल्या बायका, तुला माहितीये रोजचं स्टेरॉइड एकदम तुटलं तर जिवावर बेतू शकतं, आणि दवाखाना बंद झाला की दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गोळ्या तशाच तुटणार आहेत. प्रत्येकीच्या हातात गोळीचं नाव लिहिलेला कागद पाहिजे आणि कुठल्या ओपीडीला कधी जायचं तेही त्याच कागदावर. शक्य असेल तर पहिल्या चार-पाच जणींना पप्पांनी स्वतः सोबत घेऊन सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीला जावं आणि तिथल्या डॉक्टरला सांगावं की हिला मी काय देत होतो. माझ्या आत्याच्या वेळी हे सांगणारं कुणी आलं नव्हतं.